धूर कुठला, विष कुठलं

‘स्मोक-फ्री’ हा शब्द सध्या फार फिरतोय. सिगारेटच्या जिवावर शंभर-शंभर वर्षं गडगंज झालेल्या कंपन्या आता ‘धूरमुक्त भविष्या’च्या गप्पा मारतात. फिलिप मॉरिससारखी कंपनी, जिने मार्लबोरोचा काऊबॉय घराघरांत पोचवला, ती आज जाहीरपणे म्हणते की आम्हाला सिगारेट विकणं थांबवायचं आहे. सैतानाने कीर्तनाला बसावं तसं वाटतं ना? पण या गप्पांमागे एक शास्त्रीय मुद्दा आहे आणि तो खरा आहे. गंमत अशी की तो मुद्दा जसाच्या तसा उचलून आपल्याकडे आणला तर त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. आणि आपण तो न आणताच जी बंदी घातली, तिने भलताच माणूस पकडला. या दोन्ही गोष्टींबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, तर लिहून टाकतो.

आधी आपल्याबद्दल. २०१६-१७ मध्ये भारतात प्रौढांच्या तंबाखूसेवनाचं मोठं सर्वेक्षण झालं, ‘गॅट्स’ नावाने ते ओळखलं जातं. त्यात देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं. म्हणजे साधारण २६-२७ कोटी माणसं. त्यात ओढणारे १०.७ टक्के आणि खाणारे-चघळणारे-लावणारे २१.४ टक्के (काहीजण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जास्त येते). महाराष्ट्राचे आकडे तर बघण्यासारखे आहेत. ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. थोडक्यात ‘स्मोक-फ्री’ होण्याच्या शर्यतीत आपलं राज्य स्वीडनच्याही पुढे आहे, अभिनंदन! :-)

आणि तरीही परळच्या टाटा हॉस्पिटलच्या बाहेरच्या फुटपाथवर जबड्याला पट्टी बांधून बसलेली माणसं दिसतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलंय की २०२२ या एका वर्षात जगभरात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २० हजार नवे रुग्ण हे बिनधुराचा तंबाखू आणि सुपारी यांमुळे झाले. त्यातले भारतातले किती? सुमारे ८३ हजार. आपल्या राज्यातल्या मोठ्या नेत्यांनाही हे चुकलेलं नाही. शरद पवारांनी आपल्या आजाराबद्दल आणि सवयीबद्दल जाहीर कार्यक्रमांत सांगितलं आहे. आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनेच गेले. गृहमंत्री राहिलेला माणूस, वय सत्तावन्न.

मग तो शास्त्रीय मुद्दा काय?

मायकेल रसेल नावाचे एक ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ होते. १९७६ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात अशा अर्थाचं लिहिलं की माणसं सिगारेट ओढतात ती निकोटिनसाठी, पण मरतात ती टारमुळे. व्यसन लावणारा पदार्थ एक आणि मारणारे पदार्थ वेगळे. सिगारेटचं टोक झुरका घेताना ९०० अंशांच्या आसपास तापतं. इतक्या तापमानाला कुठलंही पान जाळा, त्यातून कार्बन मोनॉक्साइड, टार आणि हजारो रसायनं निघणारच, त्यातली कित्येक कॅन्सरजन्य. निकोटिनचा स्वभाव वेगळा. ते जबरदस्त व्यसन लावतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला वाईट, वाढत्या वयातल्या मेंदूला वाईट. म्हणजे ते काही च्यवनप्राश नव्हे. पण फुफ्फुसाचा कॅन्सर ते करत नाही. मग ज्याला निकोटिन सुटतच नाही त्याला ते न जाळता दिलं तर? बस्स, ‘हानी कमी करणे’ या सगळ्या विचाराचं मूळ एवढंच आहे.

आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर, जुनी सिस्टिम बंद करता येत नसेल तर निदान तिच्यातला सगळ्यात घातक भाग बदला, युजरला रागावून काही होत नाही.

स्वीडनचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं, आणि योग्यच आहे. तिथे स्नूस नावाचा ओला तंबाखू वरच्या ओठाखाली ठेवतात. थुंकायची गरज नाही. युरोपीय संघाने १९९२ मध्ये स्नूसवर बंदी घातली. स्वीडन १९९५ मध्ये संघात आला तो या एका गोष्टीची सूट मागून घेऊनच. (देशाने कशासाठी अडून बसावं याचे नमुने जगभर सारखेच.) पुढच्या तीस वर्षांत काय झालं? स्वीडनमध्ये रोज सिगारेट ओढणारे आता पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहेत, युरोपीय संघाचं सरासरी प्रमाण त्याच्या साधारण तिप्पट. स्वीडिश पुरुषांमधलं फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण युरोपात सगळ्यात कमी असणाऱ्यांत मोडतं. तंबाखू त्यांनी सोडला नाही, ओढणं सोडलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका स्वीडिश स्नूसला ‘सिगारेटऐवजी हे वापरल्यास धोका कमी’ असं छापायची परवानगी दिली.

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, अरे मग आमच्या गायछापने काय घोडं मारलंय? तोही बिनधुराचाच की.

इथेच सगळी गोम आहे. स्नूसचा तंबाखू वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करतात आणि दुकानात फ्रिजमध्ये ठेवतात. त्यामुळे त्यात नायट्रोसमाइन्स फार कमी तयार होतात. नायट्रोसमाइन्स म्हणजे तंबाखूतले सगळ्यात कुप्रसिद्ध कॅन्सरजन्य पदार्थ. पान वाळवताना, आंबवताना, दमट गोदामात महिनोन्महिने पडून राहताना जिवाणूंच्या कृपेने ते वाढत जातात. आपल्याकडच्या जर्दा-खैनीमध्ये ते कित्येक पट जास्त सापडतात. किती असावेत यावर मर्यादाच नाही, कारण आपल्याकडे तंबाखूच्या पुडीवर कॅन्सरचं चित्र किती टक्के जागेत हवं (८५ टक्के, २०१६ पासून) याचा नियम आहे, पुडीच्या आत काय असावं याचा नाही. वरून आपण चुना लावून मळतो. चुन्याने निकोटिन भराभर सुटतं, तलफ लवकर भागते, आणि गालाच्या आतली कातडी भाजून निघते ती वेगळीच.

आणि सुपारी! तिच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. सुपारी पूजेत असते, ओटीत असते, लग्नाच्या पानात असते, त्यामुळे ती निर्दोष असणार असं आपण गृहीत धरलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने २००३ मध्येच नुसत्या सुपारीला, तंबाखू नसतानाही, पहिल्या गटातला कॅन्सरजन्य पदार्थ ठरवलं. त्याच गटात सिगारेटही आहे. सुपारीने तोंडाच्या आतल्या कातडीत तंतू तयार होतात, कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. आधी तीन बोटं जातात, मग दोन, मग चमचा जाईना. विदर्भात खर्रा खाणारी वीस-बावीस वर्षांची पोरं या अवस्थेत दंतवैद्याकडे येतात. सुपारीतून तंबाखू काढला तरी ती मारायची थांबत नाही. म्हणजे रसेलसाहेबांचा नियम (व्यसन एकाचं, मरण दुसऱ्यामुळे) इथे लागतो, पण ‘धूर काढला की झालं’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष नाही लागत. आपल्याकडे धूर हा मुख्य आरोपीच नाहीये.

माझी आजी मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरून ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना लावत बसायचं. तिला कोणी ‘तुम्ही तंबाखू खाता का हो?’ असं विचारलं असतं तर तिने त्याला उभं-आडवं घेतलं असतं. तंबाखू गडी खातात. ही तर दात घासते! गावाकडच्या निम्म्या बायका अशाच. भाजताना पानात आणखी वेगळी कॅन्सरजन्य रसायनं तयार होतात, म्हणजे जाळण्याचे तोटे आणि चघळण्याचे तोटे दोन्ही एकाच डबीत. या बायका ना कुठल्या जाहिरातीच्या डोळ्यांसमोर आहेत, ना कुठल्या धोरणाच्या. ‘नो स्मोकिंग’चा बोर्ड त्यांच्याशी काय बोलणार?

आता बंदीकडे वळू.

१८ सप्टेंबर २०१९. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की ई-सिगारेटवर वटहुकमाने बंदी येतेय. चारशेच्यावर ब्रँड आहेत, दीडशे स्वाद आहेत, शाळा-कॉलेजातली मुलं नादाला लागतील, ही कारणं दिली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, विक्री, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नुसता साठा केला तरी सहा महिने. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणंही त्यातच आली. त्या दिवशी शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे शेअर वर गेले. (एलआयसीकडे यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा घसघशीत हिस्सा आहे, त्यामुळे यावरून बऱ्याच कहाण्या रचल्या गेल्या. मला त्यात फारसा दम वाटत नाही. सरकारी निर्णय बहुतेक वेळा कटातून नाही तर घाईतून होतात.)

घाई का, तर तो महिना तसा होता. अमेरिकेत त्याच उन्हाळ्यात व्हेपिंग करणारी तरुण मुलं फुफ्फुसं निकामी होऊन दवाखान्यात यायला लागली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. भयंकरच. पण तपासाअंती निष्पन्न झालं ते असं की मुख्य दोषी व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं, काळ्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये घट्टपणासाठी मिसळलेलं. दुकानात मिळणाऱ्या निकोटिनच्या ई-सिगारेटचा तो गुण नव्हता. हे समजेपर्यंत आपला कायदा मंजूर होत आला होता.

उलट बाजूचा पुरावाही तेव्हा समोर होता. २०१९ च्याच सुरुवातीला इंग्लंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ८८६ सिगारेट ओढणारे, सोडायची इच्छा असलेले. निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना पॅच, गम वगैरे नेहमीची निकोटिनची औषधं. वर्षभराने सिगारेट सुटलेली होती ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्क्यांची आणि दुसऱ्या गटातल्या ९.९ टक्क्यांची. म्हणजे जवळपास दुप्पट. यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: ज्यांची सुटली त्या ई-सिगारेटवाल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते, दुसऱ्या गटात औषध चालू असलेले फक्त ९ टक्के. सिगारेट सुटली, निकोटिन नाही सुटलं. आता यश म्हणायचं का हे? मी म्हणेन, शंभर टक्के. विरोधक म्हणतील, एका खड्ड्यातून दुसऱ्यात. पण दोन खड्ड्यांची खोली वेगळी आहे हे तरी मान्य करा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये व्हेपिंग हे सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असा अंदाज दिला. तो नेमका आकडा मला पटत नाही, कारण तो काही तज्ज्ञांनी बसून दिलेल्या गुणांवरून आला आहे, मोजून नाही. पंचाण्णव की ऐंशी हा वाद चालू द्या. फरक मोठा आहे यात शंका नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने तर दहा लाख ओढणाऱ्यांना सिगारेटच्या बदल्यात फुकट व्हेपिंग किट द्यायची योजना काढली.

माझा एक मित्र तीनेक वर्षं ऑनसाईट होता, लंडनजवळ. कॉलेजपासूनची सिगारेट, दिवसाला बारा-पंधरा. तिथल्या औषधाच्या दुकानातल्या बाईने सुचवलं म्हणून व्हेप घेतला आणि सहा महिन्यांत सिगारेट पूर्ण बंद. २०२० च्या सुरुवातीला प्रोजेक्ट संपवून पुण्यात आला. बॅगेतलं लिक्विड दोन महिने पुरलं. मग? कायदा पाळणारा, सरळमार्गी माणूस. ओळखीतून ‘माल’ मागवणं त्याच्या स्वभावातच नाही. दिवाळीपर्यंत सोसायटीच्या गच्चीवर सिगारेट परत सुरू झाली होती. कायद्याने त्याला एवढंच सांगितलं की तुझ्या दोन सवयींपैकी जी कमी वाईट तीवर कैद आहे. जी जास्त वाईट ती कोपऱ्यावर मिळते, बिनधास्त घे.

तीही सुटी. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. कुठल्याही आयटी पार्कच्या गेटबाहेर जाऊन बघा ही बंदी कशी चाललीय ते. गुटख्याचं तसंच. जुलै २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, अन्नसुरक्षा कायद्याखाली. ती घालणं बरोबरच होतं असं माझं मत आहे, कारण गुटख्याची ‘सुधारित आवृत्ती’ निघूच शकत नाही. पण पुढे काय झालं ते आपण रोज पाहतो. सुपारी-मसाल्याची एक पुडी, तंबाखूची एक पुडी, दोन्ही एका हाताने फाडून तोंडात. नाहीतर शेजारच्या राज्यातून आलेला टेम्पो. भूतानने तर २००४ मध्ये देशभर तंबाखूविक्रीच बंद केली होती. सतरा वर्षं भारतातून होणारी तस्करी बघून २०२१ मध्ये ती उठवली.

ई-सिगारेटबंदीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मुलांचा आहे, आणि तो मी हलक्यात घेणार नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. आंबा, पुदिना, बबलगम असले स्वाद, पेनड्राइव्हसारखं दिसणारं उपकरण. त्या कंपन्यांनी मुलांनाच गिऱ्हाईक बनवलं, आणि असल्या कंपन्या आपल्याकडे आल्या असत्या तर वेगळं वागल्या असत्या असं मानायला मी तयार नाही. पण हेच प्रमाण २०२४ पर्यंत ७.८ टक्क्यांवर आलं, आणि ते बंदी न घालता: वय २१, स्वादांवर निर्बंध, कोर्टातले खटले, शाळांमधून जागृती. ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायचे व्हेप बंद केले, कारण मुलांच्या हातात तेच सापडत होते. बाकीचे चालू ठेवले. म्हणजे मुलांना वाचवायचे आणि मोठ्यांना पर्याय ठेवायचे, अशी मधली वाट असते. कटकटीची असते, पण असते.

‘आपल्याकडे असलं नियमन जमणार नाही’ हे उत्तर मला हमखास मिळतं. ठीक. पण ज्या यंत्रणेला परवाना तपासणं जमणार नाही, तिला बंदी राबवणं कसं जमणार आहे? २०२२ मध्ये मुंद्रा बंदरात चिनी ई-सिगारेटचा कोट्यवधींचा साठा पकडला गेला. जो पकडला गेला नाही तो कॉलेजांबाहेर विकला जातोय. ना वय विचारलं जातं, ना लिक्विडमध्ये काय आहे ते कोणाला माहीत. मुलांसाठी घातलेल्या बंदीने मुलांपर्यंत जाणारा रस्ता तेवढा उघडा ठेवला आणि माझ्या चाळिशीतल्या मित्राचा बंद केला.

यात तत्त्वाचा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. व्यसनाला व्यसनाने उत्तर नको, असं सरकारचं तत्त्व असेल तर त्याचा मान ठेवता येईल. पण तसं तत्त्व नाहीये. याच देशात, याच आरोग्य मंत्रालयाच्या ‘नाको’तर्फे, हेरॉइन टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया दिल्या जातात आणि जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली जाते. मणिपूरसारख्या राज्यांत त्याने एचआयव्हीला आवर घालायला मदत झाली. म्हणजे हेरॉइनच्या बाबतीत ‘सुटत नसेल तर निदान मरू नकोस’ हे आपल्याला कळतं. तंबाखूच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर २००४ पासून भारत आहे, त्याच्या व्याख्येतच हानी कमी करणं हा शब्दप्रयोग आहे. सिगारेटवाल्याच्या बाबतीत मात्र आपण एकदम सोवळ्यात जातो.

आता दुसरी बाजू, म्हणजे या ‘हानी कमी करा’वाल्यांची. यांच्या परिषदा, यांचे अहवाल वाचताना पैसा कुठून येतो ते बघायची सवय लावून घ्यावी. २०१७ मध्ये ‘धूरमुक्त जगा’साठी म्हणून एक प्रतिष्ठान निघालं, त्याला बारा वर्षांत जवळपास शंभर कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं होतं फिलिप मॉरिसने. कंपनीने पैसे दिले म्हणून पुरावा खोटा ठरत नाही, पण प्रश्न कोणते विचारले जातात ते बदलतं. भारताबद्दल हे लोक बोलतात तेव्हा त्यांना दहा कोटी ‘स्मोकर’ दिसतात, म्हणजे दहा कोटी संभाव्य गिऱ्हाइकं. त्याच्या दुप्पट माणसं तंबाखू चघळतात, ती दिसत नाहीत. कारण दीड-दोन हजारांचं उपकरण घेणारा माणूस विडी ओढत नाही आणि मावाही खात नाही. उद्या बंदी उठली तर फायदा माझ्या मित्राला होईल, तुम्हा-आम्हाला होईल. बीडच्या ऊसतोड कामगाराला काय होणार आहे? तरीही ती उठवावी, कडक नियमांनिशी, असंच माझं मत आहे. पण तेवढ्यावर ‘भारतातली तंबाखूची हानी कमी केली’ म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ नये.

खाणाऱ्यांसाठी काय करता येईल हा खरा अवघड प्रश्न आहे. निकोटिनचा गम आपल्याकडे मिळतो. २ मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, ४ च्या गमला लागते. २०२२ मध्ये निकोटिनची ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आली. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात एका गमचे साधारण दहा रुपये धरले आणि दिवसाला आठ-दहा लागले तर महिन्याचा हिशेब करा, आणि शेजारी तंबाखूची पुडी आणि चुना ठेवा. शिवाय गम कसा चघळायचा ते कोणी सांगत नाही. तो च्युइंगमसारखा कचाकचा चावायचा नसतो. दोन-चार वेळा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, पुन्हा चावायचा. नाहीतर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि माणूस म्हणतो ‘मला सूट नाही झालं’. चहा-कॉफीबरोबर तर घ्यायचाच नाही, कारण तोंड आंबट असेल तर तो शोषलाच जात नाही. आपल्याकडे तलफ येते कधी? चहाबरोबर! आणि सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत जातं, गमचं पोचायला वीस-तीस मिनिटं. अपेक्षा कमी ठेवली नाही तर पहिल्याच दिवशी निराशा.

त्यातही खर्रा-मावा खाऊन ज्याचं तोंडच उघडत नाही त्याने गम चावायचा कसा? त्याला चघळायची गोळी हवी, पॅच हवा, आणि मुख्य म्हणजे सुपारी सोडवणारं कोणीतरी हवं, कारण सुपारीची तलफ निकोटिनच्या गोळीने पूर्ण भागत नाही. गम वगैरेंचा अभ्यास झालाय तो मुख्यतः सिगारेटवाल्यांवर. चघळणाऱ्यांवरचा पुरावा तितका भरघोस नाही. हा अभ्यास स्वीडन करणार नाही, इंग्लंड करणार नाही. तो नागपूर, औरंगाबाद, सांगली इथेच व्हायला हवा. गॅट्समध्येच दिसलं होतं की चघळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे सोडायचा विचार करत होते. प्रयत्न करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो कोणाच्याही मदतीशिवाय केला. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा मदतीचा नंबर किती जणांनी फिरवला असेल? (फुकट आहे, मराठीतही बोलतात. कोणाला सांगायचा तर सांगा.)

आणि करांचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बाकी तंबाखू ४० टक्क्यांच्या टप्प्यात टाकायचं ठरवलं, आणि विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं. विडीकामगारांच्या पोटाचा प्रश्न आहे हे मान्य. सोलापुरात, सिन्नरमध्ये हजारो बायका विड्या वळतात. पण विडीच्या धुरात सिगारेटपेक्षा कमी विष असतं असं नाही, आणि ती ओढणारा जास्त गरीब असतो. कराचा काही अर्थ असेल तर तो धोक्याच्या प्रमाणात हवा: जाळायचं ते सगळ्यात महाग, सुपारी-तंबाखू तितकंच महाग, स्वच्छ निकोटिन सगळ्यात स्वस्त. सध्या आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा आहे. गम महाग, पुडी स्वस्त, विडी आणखी स्वस्त, आणि व्हेप म्हणजे तुरुंग.

गम निदान तिथे मिळावा जिथे तलफ येते. मधूनमधून एखाद्या टपरीवर गमची पाकिटं लटकलेली दिसतातही. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवाल्या मामांना मी मागच्या आठवड्यात विचारलं, “मामा, तुम्ही का नाही ठेवत? दिवसाला चार-पाच तरी जण घेतील.” मामांनी चुना मळता मळता माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “ठेवतो की सायेब. सिगारेटवाला कंपनीचा माणूस दर मंगळवारी येतो, बोर्ड देतो, लाईट देतो, पावसाळ्यात ताडपत्री देतो. तुमच्या त्या गमवाल्याला म्हणावं, एकदा तरी येऊन जा.”